आरत्या पुरेत, विसावा द्या!

आपल्या भाषेतले सर्वांत स्वस्त वाक्य कोणते, असे कोणी मला विचारले तर मी सांगेन : "देव अशी मुले निवडक आईबापांच्याच पदरात घालतो." हे वाक्य उच्चारायला कवडी पडत नाही. उच्चारणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारी बाई खाली मान घालते, चहा संपतो आणि पाहुणा पावणेनऊला चपला घालून आपल्या घरी झोपायला जातो. जिच्या पदरात देवाने ते मूल घातले ती बाई मात्र रात्री दोन वाजता त्याच्या अंगाखालची ओली चादर बदलत असते. निवड देवाने केली असे एकदा ठरले, म्हणजे बाकीच्या सगळ्यांना कसे अगदी मोकळे वाटते!

अलीकडे आणखी एक स्वस्त सोय झाली आहे, ती शब्द बदलण्याची. ज्यांना आपले आजोबा खुळे म्हणत ते मतिमंद झाले. मतिमंदांचे गतिमंद झाले. मग ते विशेष झाले आणि आता दिव्यांग आहेत. नव्या शब्दांशी माझे भांडण नाही. मी शब्दांवर पोट भरणारी बाई आहे, आणि 'खुळा' हा शब्द लेकराच्या पाठीवर वळासारखा कसा उठतो हे मी वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु शब्द बदलण्यासाठी तिजोरी उघडावी लागत नाही, एवढे मला कळते. महिलादिनाला आमच्याकडे अशाच एका मातेचा सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झाले, वक्त्यांनी तिला जिजाऊंच्या पंक्तीला नेऊन बसवले. समारंभ दोन तास चालला. त्या दोन तासांत तिच्या मुलाला कोणी सांभाळले, हे एकाही वक्त्याच्या मनात आले नाही. शेजारीण सांभाळत होती, आणि तिला सहा वाजता नळाचे पाणी भरायचे होते, म्हणून सत्कारमूर्ती आभाराच्या भाषणाआधीच उठून गेली.

सणासुदीच्या अंकात, चकलीच्या वासात, हा विषय कशाला, असे कोणी वाचक म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की हा विषय सणासुदीचाच आहे. आपल्या घरी दिवाळीची सुट्टी लागली की आनंद होतो. त्या घरी सुट्टी लागली की पोटात गोळा येतो. का, तर विशेष शाळेचे अकरा ते चार हे जे पाच तास त्या आईला मिळत होते, ते आता दोन-तीन आठवडे बंद. जी बाई अधूनमधून तासभर मदतीला यायची ती आपल्या गावी गेली. बाहेर फटाके वाजताहेत, आणि स्वमग्न मुलाला तो आवाज कानात तापलेली सळई घालावी तसा लागतो. ते मूल किंचाळते, स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, आणि आई त्याला छातीशी धरून न्हाणीघरात, जिथे आवाज त्यातल्या त्यात कमी येतो तिथे, बसून राहते. लक्ष्मीपूजन तिने गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेले नाही. भाऊबीजेला ती भावाकडे जात नाही. भाऊ वाईट नाही, तो अगत्याने बोलावतो. पण एसटीत चार तास मुलाला धरून बसणे आता तिच्या दंडांना झेपत नाही, आणि भावाच्या घरी नवा सोफा आला आहे.

या घरांत नेमके काम किती असते याची बाहेरच्यांना कल्पना नसते. लहान मूल सगळ्यांनीच वाढवलेले असते, म्हणून जो तो समजतो की हेही तसेच, फक्त थोडे जास्त. तसे ते नाही. तान्हे मूल वर्षात चालते, दोन वर्षांत बोलते, पाच वर्षांत स्वतःची चड्डी स्वतः घालते, आणि आईच्या अंगावरचे ओझे दर महिन्याला थोडे हलके होत जाते. इथे उलटे आहे. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला कडेवर घेऊन मोरीत नेणे ही मायेची गोष्ट असते; तोच चौदा वर्षांचा झाला, चाळीस किलोंचा झाला, की तेच काम हमालीचे होते, आणि हमालाला संध्याकाळी सुट्टी असते. त्याच मुदतीत आईचे वय तिशीवरून चाळिशीवर गेलेले असते. मुलाचे वजन वाढते आणि आईचे गुडघे जातात. शिवाय घास अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत जाईल या भीतीने एकेक जेवण पाऊण तासाचे. आकडी येणारे मूल असेल तर झोप ही एका कानानेच घ्यायची. मूल स्वमग्न असेल तर कित्येकदा झोपच नाही; ते रात्री तीनला उठून दाराची कडी काढते, म्हणून बाप दाराला आडवा झोपतो.

बापाचे नाव निघाले म्हणून सांगते. बापांना झोडपणे हा या विषयावर बोलणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे, त्यात मी पडणार नाही. पळून जाणारे बाप आहेत, पण मी पाहिलेले बहुतेक बाप उपचारांचा खर्च भागवण्यासाठी दुहेरी पाळी करणारे आहेत. त्यांच्या वाट्याला मूल येते ते रविवारी, आणि तेही झोपेने डोळे मिटत असताना.

मला खरी चीड येते ती भावंडांकडे पाहिले की. माझ्या वर्गात अशी एक मुलगी आहे, सातवीतली. सहलीच्या पैशांची यादी निघाली की ती आधीच सांगून टाकते, "बाई, मी येणार नाही." पैसे नसतात म्हणून नव्हे. आई आजारी पडली तर दादाला बघायला घरात दुसरे कोणी नाही, म्हणून. अकरा-बारा वर्षांची पोर म्हणजे त्या घरातली राखीव आई. तिला कोणी शाल देत नाही. ती गृहपाठ मधल्या सुट्टीत करते, कारण घरी वही उघडी दिसली की दादा फाडतो. एकदा निबंधाला विषय दिला होता, 'माझा आवडता वार'. तिने सोमवार लिहिला. वर्गातली बाकी सगळी पोरे रविवारवर तुटून पडली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहीत आहे तिच्याकडे येते. इंग्रजीत तिला रेस्पिट म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द शेकडो वर्षे वापरात आहे, तो म्हणजे विसावा. डोक्यावरचा भारा वाटेत घटकाभर उतरवून ठेवणे. भारा टाकून द्यायचा नसतो, घरी न्यायचाच असतो. पण मध्येच कुठे दगडी कठडा असला तर मान मोडत नाही. या मुलांच्या घरांना असा कठडा हवा आहे. शिकलेली, त्या मुलाला ओळखणारी एखादी बाई किंवा बुवा आठवड्यातून चार तास घरी येऊन बसावा. महिन्यातून एक-दोन दिवस मूल एखाद्या केंद्रात आनंदाने राहावे. आईचे पोटाचे ऑपरेशन असेल, घरात मयत असेल, धाकटीचे लग्न असेल, तेव्हा आठ-दहा दिवस मुलाच्या रात्रीच्या मुक्कामाची खात्रीची सोय असावी. आणि याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून यावेत. मागणी एवढीच आहे. यात दयेचा भाग नाही, अनाथाश्रमाचाही नाही.

हे ऐकले की एक गृहस्थ हमखास उठतात आणि एकत्र कुटुंबाचे गुणगान सुरू करतात. "पूर्वी असल्या सोयी लागत नव्हत्या हो! घरात माणसे होती." होती ना! कोण होती ती माणसे? त्या काळच्या वाड्यात माजघराच्या कोपऱ्यात जे 'साधेभोळे' मूल बसलेले असे, त्याला कोण भरवीत होते? वाड्याचे कर्ते पुरुष नव्हेत, त्यांच्या सौभाग्यवतीही नव्हेत. भरवीत होती ती आलवणातली आत्या, जिला तेराव्या वर्षी वैधव्य आले, जिचे केस काढले, जिला परत जायला घर नव्हते आणि नाही म्हणायला तोंड नव्हते. एकत्र कुटुंबाचा विसावा त्या बाईच्या पाठीवर उभा होता. ती फुकट राबत होती म्हणून हिशेबात दिसली नाही, इतकेच. ती प्रथा गेली हे उत्तम झाले. परंतु तिच्या जागी पगारी माणूस नेमण्याची वेळ आली तेव्हा सगळा समाज खिशात हात घालून आभाळाकडे पाहू लागला, आणि मोकळी झालेली जागा मुलाच्या आईने भरून काढली.

आम्हां लेखकांनीही यात काही कमी पाप केलेले नाही. आमच्या कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून असले मूल येते ते बहुधा दुसऱ्या कोणाचे मन शुद्ध करायला. दुष्ट काका त्याच्या एका हास्याने सुधारतो, आणि शेवटच्या प्रकरणात ते मूल सोयीस्करपणे तापाने मरते. ज्या कादंबरीत ते मूल पंचेचाळीस वर्षांचे होते, त्याला टक्कल पडते आणि सत्तरीची आई त्याची दाढी करते, तशी कादंबरी सहसा कोणी लिहीत नाही. १९९१ साली 'चौकट राजा' आला, तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून सारा महाराष्ट्र रुमाल ओले करून घरी गेला. चित्रपट चांगला होता, मीही रडले. पण त्या अश्रूंतून एखाद्या तालुक्याला एखादे विसावा-केंद्र निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कायदा आहे का? आहे, आणि एक नव्हे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारच्या माणसांसाठी १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. कुटुंबावर संकट आले तर त्या वेळी गरजेप्रमाणे सेवा पुरवणाऱ्या संस्थांना मदत करणे, हे त्या न्यासाचे एक उद्दिष्टच आहे. २०१५ साली न्यासाने आपल्या योजनांची नवी मांडणी केली. तीत 'समर्थ' नावाची योजना मुळी विसाव्याचीच होती. पुढे तिची सांगड प्रौढांच्या निवासाच्या 'घरौंदा' योजनेशी घालण्यात आली. हे सारे चालते नोंदणीकृत संस्थांमार्फत. म्हणजे जिथे संस्था आहे तिथे योजना आहे. जिथे संस्था नाही तिथे योजनेचे फक्त नाव आहे. पुण्या-मुंबईच्या आईला निदान विचारायला एक दार असते. चंदगडच्या, सुरगाण्याच्या, अहेरीच्या आईने कोणते दार ठोठावायचे?

अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ साली स्वीकारला. त्याच्या २८व्या कलमात गरिबीत राहणाऱ्या अपंगांच्या कुटुंबांना सरकारकडून ज्या गोष्टींची मदत मिळायला हवी त्यांची यादी आहे, आणि त्या यादीत विसाव्याच्या सेवेचे नाव घेतलेले आहे. म्हणजे ही काही माझ्या डोक्यातून निघालेली चैन नव्हे. मग २०१६ चा हक्कांचा कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ झाले. त्याच्या २४व्या कलमात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही लिहिला आहे. वाचून मला आनंद झाला. आणि मग त्याच कलमाच्या आरंभी असलेली मेख दिसली. सरकारने या योजना आखायच्या, पण आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून! ही कुवत कोण मोजणार? सरकार. कोणत्या दिवशी मोजणार? त्याच्या मर्जीच्या दिवशी. आईची कुवत मात्र कोणत्याच कलमात मोजलेली नाही. तिला मर्यादाच नाही असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसते.

प्रत्यक्षात पदरात काय पडते? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला १,५०० रुपये मिळत. २०२५ साली आंदोलने झाल्यावर त्याचे २,५०० झाले. वाढले हे बरे झाले. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवे, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. बाप कुठे रखवालदार असला तरी तो या हिशेबाने श्रीमंत ठरतो. न्यासाचा 'निरामय' विमा आहे, लाखापर्यंतचा. तो उपचारांचा आहे, आई झोपावी म्हणून कोणाला बसवण्याचा नाही. आयकरात ७५,००० ची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० ची वजावट आहे. पण ज्याला कर भरण्याइतके उत्पन्न आहे त्यालाच तिचा उपयोग, आणि ज्याने नवी करपद्धत घेतली त्याला तीही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना बालसंगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा मिळते, आणि अपंग मुलाच्या बाबतीत वयाची अटही काढून टाकली आहे. उत्तम. पण ही रजा कशापासून? कचेरीपासून. म्हणजे दिवसातले जे आठ तास ती बाई मुलापासून दूर, खुर्चीवर बसून होती, तेवढेही आम्ही काढून घेतले आणि त्याला सवलत म्हटले! रजा नको असे मी म्हणत नाही. तिला विसावा म्हणू नका, इतकेच माझे म्हणणे.

केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्या माणसाला त्यात महिन्याला ६०० रुपये मिळतात. सहाशे रुपयांत आज काय येते, हे मला ठाऊक आहे. तरी तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या योजनांत सहसा सापडत नाही : पैसे काळजी घेणाऱ्याच्या नावाने निघतात. ती बाई सरकारच्या वहीत माणूस म्हणून नोंदली गेली. इंग्लंडात २०११ पासून स्थानिक पालिकांवर कायद्याने जबाबदारी आहे की अपंग मुलांच्या पालकांसाठी विसाव्याच्या सेवा उभ्या केल्याच पाहिजेत, आणि त्या कोणत्या आहेत याचे पत्रक छापून पालकांना दिले पाहिजे. अमेरिकेत २००६ साली निव्वळ या कामासाठी वेगळा कायदा झाला. तिकडे सारे आलबेल आहे असे नाही. पालिकांचे पैसे आटले की पहिली कात्री याच सेवांना लागते, अशी तिकडच्या आयांचीही ओरड आहे. पण त्यांना ओरडायला कायद्याची ओळ तरी आहे.

"हो, पण परक्याच्या हातात मूल द्यायला आईच तयार होत नाही," हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तो खरा आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला कोणी मारले, उपाशी ठेवले, त्याहून वाईट काही केले, तर ते घरी येऊन सांगणार कसे? म्हणून तर ही गोष्ट धर्मादायी हौशीवर सोडता येत नाही. बाई शिकलेली हवी, तीच ती हवी, तिच्यावर कोणाची तरी नजर हवी, दार दिवसभर उघडे हवे आणि केव्हाही डोकावायची आईला मुभा हवी. पहिले दोन महिने आईने मुलाबरोबर तिथेच बसावे, मग अंगणात बसावे, मग बाजारात जाऊन यावे. विश्वास असा वीतवीत येतो, आणि वीतवीत यायला वेळ लागतो, वेळेला पगार लागतो. पुन्हा गोष्ट पैशापाशीच येते.

दुसरा आक्षेप अधिक हलकट आहे. "अशी सोय केली तर लोक मुले तिथेच टाकून जातील." ज्यांनी चौदा वर्षे चाळीस किलोंचे मूल उचलले त्यांच्याविषयी हे बोलायला जीभ कशी रेटते? बदलापूरचे 'आधार' पाहा, डोंबिवलीजवळ खोणीचे 'घरकुल' पाहा. ही घरे सरकारने बांधली नाहीत, कोण्या शेटजीनेही नाहीत. 'आमच्या पाठीमागे यांचे काय?' या एका प्रश्नाने झोप उडालेल्या पालकांनी एकत्र येऊन ती उभी केली. मूल टाकायचे असते तर इतका खटाटोप कोणी केला असता? टाकायची पाळी येते ती माणूस पार मोडून पडल्यावर, आणि न मोडू देणे हेच तर विसाव्याचे काम. वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, आई आणि मूल दोघांविषयी, जी चार ओळींची बातमी येते ती मी इथे सांगत नाही. सण आहे. पण ती तुम्हीही वाचलेली आहे.

राहिला पैसा. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी, पालिकांनी, जिल्हा परिषदांनी आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा नियम आहे. पूर्वी ते ३ टक्के होते. हे पैसे कसे खर्च होतात? पुष्कळ ठिकाणी होतच नाहीत. जिथे होतात तिथे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने पाकिटे वाटून, छायाचित्र काढून. मोहल्ल्यातल्या आंधळ्या चाचांना आणि माळावरच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला सारखेच पाकीट. घेणाऱ्याचे ते महिन्यात संपते आणि पंचायतीचे दप्तर स्वच्छ होते.

मी शाळेत गणितही शिकवते, म्हणून हिशेब मांडते. एका बाजाराच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांत मिळून अशी बारा मुले आहेत असे धरा. शाळेचा एक वर्ग रविवारी रिकामाच असतो. दर रविवारी सहा मुले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून दोन रविवार. सांभाळायला दोन शिकवलेल्या बाया, प्रत्येकीला दिवसाचे ७०० रुपये. खुरपणीच्या मजुरीच्या मानाने हे कोणाला फार वाटतील, वाटू देत. चार रविवारांचे ५,६०० झाले. मुलांचे जेवणखाण माणशी ८० धरून १,९२०. आणण्या-नेण्याची रिक्षा रविवारी ८०० प्रमाणे ३,२००. साबण, सतरंज्या, औषधे, खेळणी यांना १,२८०. महिन्याचे बरोबर १२,००० आणि वर्षाचे १,४४,०००. गावाच्या वेशीवर एक स्वागतकमान आणि तिच्यावर चार पुढाऱ्यांचे चेहरे एवढ्यात होतात की नाही, ते ज्याने त्याने आपापल्या गावात विचारावे.

स्वउत्पन्न तीस लाखांचे असेल तर पंचायतीचे पाच टक्के दीड लाख होतात. पण ते सगळे याच कामाला लावा असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या पैशावर गावातल्या आंधळ्यांचा, बहिऱ्यांचा, पाय गेलेल्यांचाही हक्क आहे. म्हणून अर्धे पंचायतीने द्यावेत, अर्धे जिल्हा परिषदेने आपल्या पाच टक्क्यांतून. ज्या वाडीचे स्वउत्पन्नच दोन-तीन लाखांचे, तिला हे जमणार नाही. तिथे राज्य सरकारने सगळा भार उचलावा. अहेरीची आई गरीब गावात राहते म्हणून तिचे गुडघे काही लोखंडाचे होत नाहीत.

आणि एक गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण सरकारी डोके कसे चालते याचा आम्हां शिक्षकांना जनगणनेपासून मतदारयादीपर्यंत दांडगा अनुभव आहे. ही कल्पना उद्या कोणाला पटली, तर पहिला हुकूम निघेल की हे काम अंगणवाडी सेविकेने करावे. खबरदार! ती बाई आधीच मानधन नावाच्या तुटपुंज्या रकमेवर पोषण, लसीकरण आणि दहा रजिस्टरे सांभाळते आहे. एका बाईच्या पाठीवरचा भारा काढून दुसरीच्या पाठीवर द्यायचा असेल तर मग आलवणातली आत्या काय वाईट होती? वेगळी माणसे नेमा, त्यांना शिकवा, आणि मानधन न देता पगार द्या.

आमच्याकडच्या सात कुटुंबांनी मिळून वरच्या हिशेबासह एक अर्ज लिहिला. मसुदा माझा, सह्या त्यांच्या. दोघींनी अंगठा दिला. ग्रामसेवक, ज्यांना सगळे गाव भाऊसाहेब म्हणते, त्यांनी तो दोनदा वाचला. माणूस सज्जन आहे. म्हणाले, "बाई, पटतंय हो मला सगळं, पण हे टाकू कुठल्या लेखाशीर्षात? सायकल, कुबड्या, पाकीट... यांची शीर्षे आहेत. ह्याचं नाही."

"मग नवं काढा," मी म्हटले.

"ग्रामसभेनं ठराव केला तर काढता येईल."

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर. सातही कुटुंबे येणार आहेत. मुलांना घरी ठेवायला कोणी नाही, तेव्हा तीही येतील.